निप म्हणजे किती? हॉटेल-बारमधले मापाचे शब्द

शब्दखुळा:
बोलताना बरेच जण ९० मिलीच्या बाटलीला ‘निप’ म्हणतात. दारूच्या घाऊक दरपत्रकात मात्र ‘निप’च्या रकान्यात १८० मिलीचे भाव असतात. खरं कोणतं? आणि क्वार्टर नेमकी कशाची? ७५० मिलीचा पाव हिस्सा १८७.५ होतो, बाटलीत तर १८० येते.

मापटं:
दोन्ही खरं. धंद्याची भाषा वेगळी, टेबलावरची वेगळी. घाऊक व्यापारात मुख्यतः तीन नावं चालतात: क्वार्ट (७५०), पाइंट (३७५) आणि निप (१८०). टेबलावर त्यांनाच खंबा, हाफ आणि क्वार्टर म्हणतात. हिंदीच्या ओढीने अद्धा आणि पव्वाही चालतात, आणि गावाकडे क्वार्टरची ‘कॉटर’ होते. १८० ला क्वार्टर हे नाव पक्कं बसल्यावर ‘निप’ रिकामा राहिला, तो बोलण्यात ९० वर जाऊन बसला. इंग्रजीत निप म्हणजे दारूचा लहानसा घोट किंवा लहान माप, ठरावीक आकडा नाही. म्हणून तो सरकू शकला.

सगळ्यात जास्त गोंधळ ‘क्वार्ट’ आणि ‘क्वार्टर’चा. दोन्ही शब्द पाव हिस्सा सांगणारे, एकाच मुळाचे. पण क्वार्ट हा गॅलनचा पाव आणि क्वार्टर ही त्या क्वार्ट बाटलीचा पाव! फोनवर ऑर्डर घेताना शेवटचा ‘र’ ऐकू आला नाही की पावच्या जागी पूर्ण बाटली लिहिली जाते. बारच्या काउंटरवर मुरलेली माणसं म्हणूनच नाव घेत नाहीत, आकडा बोलतात: ‘वन एटी’, ‘नाइंटी’. देशीच्या दुकानात तर नुसतं ‘नव्वद’.

आता १८७.५ आणि १८० मधल्या तुमच्या ७.५ मिलीचा हिशेब. इंग्रजी गॅलन ४.५४६ लिटरचा, त्याचा खरा पाव १.१३६ लिटर होतो. दारूची बाटली तेवढी मोठी नव्हती, ती गॅलनच्या सहाव्या भागाची, म्हणजे ७५७ मिलीच्या आसपास. तरीही तिला क्वार्टच म्हणत. तेव्हा हे नाव मुळातच ढिलं आहे. मेट्रिकमध्ये तिची ७५० झाली. आणि १८० हा आकडा पेगला सोयीचा आहे. लहान पेग ३० चा, मोठा ६० चा. क्वार्टरमध्ये नेमके ६ लहान किंवा ३ मोठे, तळाशी काही उरत नाही. ९० मध्ये ३ लहान. खंब्यात २५ लहान पेग बसतात, पण मोठे मोजले तर १२ होऊन ३० मिली उरते. हाफचं तर कशातच नीट जमत नाही: १२ लहान पेग आणि वर १५ मिली.

म्हणजे चार क्वार्टरांची ७२० होते. खंब्यापेक्षा एक लहान पेग कमी. दुकानात भाव ताडून बघताना हे लक्षात ठेवा.

डोंबिवलीकर:
पटियाला पेग किती?

मापटं:
त्याला वैधमापनाचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का नाही. कुणी १२० म्हणतं, कुणी ग्लासाला आडवी बोटं लावून मोजतं. शिक्क्याचं माप ३० आणि ६० मिलीचं, डमरूसारखं, दोन्ही तोंडांनी वापरायचं. ते काठापर्यंत भरलं तरच पुरं. माप वर रुंदावत जातं, त्यामुळे काठाखाली जेमतेम ३-४ मिलीमीटर रिकामं ठेवलं तरी बरीच दारू वाचते. दुसरी खोट म्हणजे ग्लासात आधी बर्फ टाकून मग ओतणं. पातळी वर दिसते, डोळ्यांना काही कळत नाही. तिघांनी एकच ब्रँड घ्यायचा असेल तर सीलबंद क्वार्टर टेबलावर मागवावी आणि सील समोर फोडायला सांगावं. पेगच्या दराने तीन मोठे आणि एक क्वार्टर यांच्या किमतीत बहुतेक ठिकाणी फरक असतो. कार्डावर दोन्ही दर छापलेले असतात, आधी ते बघावेत.

शब्दखुळा:
आणि ‘नीट’? मराठी माणसाने वेटरला ‘नीट दे’ म्हटलं तर त्याने काय समजायचं?

मापटं:
सोडा-पाणी न घालता, की सांडू न देता! ‘कोरी’ म्हणा. कोऱ्या चहात दूध नसतं, तशी ही. ‘फिफ्टी-फिफ्टी’ मात्र बहुतेकदा या अर्थाने चालतं: ग्लासात दारू पडल्यावर उरलेल्या जागेत निम्मा सोडा, निम्मं पाणी. निम्मी दारू आणि निम्मं पाणी नव्हे. नवखा वेटर किंवा परप्रांतातला पाहुणा इथेच चुकतो.

अ‍ॅडलेडकर:
‘पाइंट’बद्दल थोडं. आपल्याकडे बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची आणि तिच्या धाकट्या ३३० मिलीच्या बाटलीला पाइंट म्हणतात. वर दिलेल्या दारूच्या पाइंटशी (३७५) तिचा काही संबंध नाही. ही सवय घेऊन इंग्लंडच्या पबमध्ये पाइंट मागितला तर पुढ्यात ५६८ मिलीचा ग्लास येतो, जवळजवळ पावणेदोन देशी पाइंट. अमेरिकेत ४७३. ऑस्ट्रेलियात बहुतेक ठिकाणी ५७० च्या आसपास, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात पाइंट म्हटलं की ४२५. तिथे पूर्ण हवा असेल तर ‘इम्पीरियल पाइंट’ असं स्पष्ट सांगावं लागतं. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये ‘मास’ म्हणजे सरळ एक लिटर.

कडक दारूत नेमकं उलटं होतं. ब्रिटनमध्ये व्हिस्की, जिन, रम, व्होडका २५ किंवा ३५ मिलीच्या पटीत द्यावी असा नियम आहे, आणि कुठलं माप वापरतो ते पबला लिहून लावावं लागतं. आपला मोठा पेग डोळ्यांपुढे ठेवून ‘सिंगल’ मागवणाऱ्याला ग्लासाच्या तळाशी काहीतरी ओलं दिसतं. २५ च्या पबमध्ये ‘डबल’ घेतलं तरी आपल्या मोठ्या पेगला १० मिली कमीच.

पणजीकर:
गोव्यात माप तेच राहतं, आतलं द्रव्य बदलतं. ६० मिली उर्राक आणि ६० मिली फेणी यांना एका मापात तोलू नका. काजूच्या बोंडांचा रस, म्हणजे नीरो, आंबवून पहिल्या धारेला उतरतो तो उर्राक (हुर्राकही म्हणतात), साधारण १५ टक्क्यांचा. पुन्हा उतरवल्यावर फेणी, ४२.८ टक्के. म्हणजे ६० मिली उर्राकात ९ मिली मद्यार्क आणि तेवढ्याच फेणीत साडेपंचवीसहून जास्त. उर्राक सरबतासारखा लागतो म्हणून लोक लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून ग्लासामागून ग्लास घेतात आणि मग त्याच हाताने, त्याच मापाने फेणी ओततात. पुढचं सांगायला नको.

उर्राक मार्च ते मेपर्यंतच. तो टिकत नाही. ऑगस्टमध्ये कुणी ‘ताजा उर्राक’ म्हणून काही पुढे केलं तर घेऊ नये. नुसतं ‘फेणी’ म्हटलं तर काजूची, नारळाची हवी तर ‘माडाची’ म्हणायचं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

आणि सकाळी उपाहारगृहात ‘पाव-भाजी’ मागणाऱ्या मुंबईकरांसाठी: लोणी सोडलेली, तव्यावर ठेचलेली भाजी मिळणार नाही. पाव आणि भाजी मिळेल. भाजी पातळ की सुकी ते विचारतील. ‘मिक्स’ म्हणालात तर दोन्ही एका बशीत. पावाऐवजी कोंड्याची पोळीही मागता येते. ही आपली चपाती नव्हे, भट्टीतला पोकळ पाव आहे.

शब्दखुळा:
‘उपाहारगृह’ बरोबर लिहिल्याबद्दल आभार. निम्म्या पाट्यांवर ‘उपहारगृह’ असतं. उप + आहार = उपाहार, हलका आहार. ‘उपहार’ म्हणजे भेटवस्तू. त्या पाटीखाली फुकट जेवू घालत असतील तर वेगळी गोष्ट.

कोल्हापुरी कट:
मापाचंच चाललंय तर मिसळीचंही होऊ द्या. पुण्यात ‘सँपल’, आमच्याकडे ‘कट’, नागपूरकडे ‘तर्री’. लोक तिन्ही एकच समजतात.

तर्रीवाला:
तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारा तेलाचा लाल थर. हिंदी-उर्दूत ‘तर’ म्हणजे ओला, ‘तरी’ म्हणजे रस्सा. आमच्याकडे तो तर्री झाला आणि त्यातही वरचा, तेलाचा भाग. तर्री-पोह्यात चण्याचा रस्सा वरवरून घेऊन पोह्यांवर सोडतात. ‘तर्री मारके’ म्हटलं तर पळी वरून फिरते, ‘तर्री कम’ म्हटलं तर खालून ढवळून येते. पदार्थ एकच, पळी कुठे बुडते यावर चव ठरते.

कोल्हापुरी कट:
कट म्हणजे नुसतं तेल नव्हे. पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढतात त्याला कट म्हणतात, त्याचीच कटाची आमटी. मिसळीचा कटही तसा पातळ, कडधान्य जवळजवळ नसलेला आणि वर तवंग असलेला. कट वडा मागवला तर वडा त्यात बुडून येतो.

घरी करताना तवंग येत नाही ही नेहमीची तक्रार. कारणं दोन. एक, कांदा-सुकं खोबरं-लसूण यांचं वाटण अर्धवट परततात. कडेने तेल सुटेपर्यंत, मंद आचेवर १० ते १२ मिनिटं परतायला हवं. एक लिटर कटाला १०० मिली तेल धरा, कमी घेऊन तवंगाची अपेक्षा करू नये. दोन, वरून गार पाणी ओततात. पाणी उकळतं हवं, आणि नंतर १५ मिनिटं मंद उकळी, झाकण अर्धवट ठेवून. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात तितका नाही, म्हणून कांदा-लसूण चटणी पाण्याआधी घालायची. पण तेल धुरावलेलं असताना घातली की क्षणात करपते आणि कट काळपट, कडू होतो. आच बंद करून चटणी, दहा सेकंद ढवळून लगेच उकळतं पाणी.

शब्दखुळा:
आणि सँपल?

डोंबिवलीकर:
मिसळीसोबत वेगळ्या भांड्यात येणारा, संपला की पुन्हा मागता येणारा रस्सा. नावाने नमुना, प्रत्यक्षात पातेलंभर. पूर्वी तो मोजत नसत. आता पाटी वाचावी, ‘दुसऱ्यांदा सँपलचे वेगळे पैसे’ असं कुठेकुठे असतं.

मुंबईचा ‘कटिंग’ही तसाच शब्द: फुल चहाचा अर्धा, पण किंमत अर्ध्यापेक्षा जरा जास्त. बंगळूरला ‘बाय-टू कॉफी’ म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. फरक पैशाचा. दोन कटिंग म्हणजे दोन चहांचं बिल, एक बाय-टू म्हणजे एकाच कॉफीचं. आपल्याकडे ‘वन बाय टू’ सूपला चालतं, चहाला फारसं नाही.

शब्दखुळा:
‘परमिट रूम’ राहिलं. खोली कसली, परमिट कुणाचं?

मापटं:
परमिट पिणाऱ्याचं. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. नाव बदललं तरी कायदा चालू आहे. त्यात दारूबंदी हा नियम आणि परवाना हा अपवाद. परवानाधारकाला बसून पिता येईल अशी जागा ती परमिट रूम, तिचा परवाना एफएल-३. ‘वाइन शॉप’ एफएल-२ चं, तिथे वाइन सर्वांत कमी खपते. देशीचं दुकान सीएल-३. पिण्याचा परवाना एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन असतो. बिअरसाठी वय २१, कडक दारूसाठी २५. एकाच पाटीवर ‘फॅमिली’ आणि ‘परमिट रूम’ अशी दोन दारं दिसतात ती यामुळेच, आणि दोन्हीकडच्या दरपत्रकांतही पुष्कळदा फरक असतो.

‘गुत्ता’ याहून जुना. मुळात गुत्ता म्हणजे मक्ता. सरकारकडून दारू विकण्याचा मक्ता घेतलेली जागा, मग नुसतीच पिण्याची जागा. आज त्याला शिवीचा वास आहे, परमिट रूमला नाही.

डोंबिवलीकर:
एक व्याकरणाची शंका. क्वार्टर ‘घेतला’ की ‘घेतली’?

शब्दखुळा:
‘घेतली’. मनात बाटली असते, म्हणून क्वार्टर, निप, नाइंटी, पाइंट सगळ्या स्त्रीलिंगी. खंबा, अद्धा, पव्वा आकारान्त म्हणून पुल्लिंगी, पेगही पुल्लिंगी. ‘हाफ’ दोन्हीकडे ऐकू येतो.

डोंबिवलीकर:
आणि कटिंग?

शब्दखुळा:
चहा पुल्लिंगी म्हणून मी ‘मारला’ म्हणतो. दादरला ‘मारली’ ऐकलंय. टपरीवाला दोघांनाही तेवढाच देतो.