ड्युईचे आकडे सगळ्यांचे, मग नाव एकाचंच कसं?

वर्गांक (धागाकर्ती)
तालुक्याच्या 'ब' वर्ग ग्रंथालयात अठरा वर्षं पुस्तकांच्या कण्यावर चिठ्ठ्या डकवतेय. मराठी कादंबरी आली की ८९१.४६३, म्हणजे विषयानुसार आकडे देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणातला तिचा क्रमांक, खाली लेखकाच्या आडनावाचं अक्षर, वरून सेलोटेप. हे आकडे कुणाच्या मालकीचे असतील असं कधी मनातही आलं नव्हतं. त्यामुळे न्यूयॉर्कच्या लायब्ररी हॉटेलची हकिकत वाचून फार वाईट वाटलं.

मॅडिसन अव्हेन्यूवरचं हे हॉटेल २००० साली सुरू झालं. साठ खोल्या, एकेक मजला ड्युईच्या एकेका वर्गाचा, खोलीत त्या त्या विषयाची पुस्तकं. २००३च्या सप्टेंबरात ओहायोच्या ओसीएलसी या ना-नफा संस्थेने 'ड्युई' हे नाव वापरल्याबद्दल हॉटेलवर ट्रेडमार्कचा दावा लावला आणि नफ्याच्या तिप्पट रक्कम मागितली. मेल्विल ड्युईने ही पद्धत १८७६ मध्ये मांडली, ४४ पानांच्या पुस्तिकेत. ओसीएलसीने तिचे प्रकाशक फॉरेस्ट प्रेस घेतले १९८८ साली! मधल्या शंभरावर वर्षांत या नावाला जे वजन आलं, ते जगभरच्या ग्रंथपालांनी ही पद्धत रोज वापरल्यामुळे. माझ्या मते हा दावा चूकच होता.

तराजू
ताई, तुमची कळकळ पोचली, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. स्वामित्वहक्काला, म्हणजे कॉपीराइटला, मुदत असते. १८७६च्या पुस्तिकेवरचा केव्हाच संपला. ट्रेडमार्क मात्र वापरात ठेवला, नूतनीकरण केलं, की चालूच राहतो. आणि मालक गप्प बसला तर तो हातचा जातो. अमेरिकेत ॲस्पिरिन आणि एस्कलेटर ही नावं अशीच गेली. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच.

तुमच्या ८९१.४६३ला कुणी हात लावलेला नाही. हॉटेलने हे नाव गिऱ्हाईक ओढायला वापरलं, तेही परवानगी न घेता. हरकत घेणं ओसीएलसीला भागच होतं.

वर्गांक
हरकत घ्यायला एक पत्र पुरलं असतं. तिप्पट नफा कशाला? मुक्कामाला आलेल्या माणसाला हे हॉटेल ओसीएलसीचं वाटेल, हे मला पटत नाही. त्यातल्या बहुतेकांनी ते नावही ऐकलेलं नसेल.

जुनी कपाटं
मी तराजूंच्या बाजूने. पद्धत जिवंत ठेवायला माणसं बसवावी लागतात. संगणक आले तेव्हा १९८५ मध्ये ००४ ते ००६ हे वर्ग नव्याने बांधले गेले. ते काम फुकट होत नाही. नाव कुणीही वापरू लागलं तर उद्या कुणीही मनाचे आकडे छापून 'ड्युई' म्हणून विकेल आणि घोळ निस्तरायला आपणच.

द्विबिंदू
नीट राखलं म्हणता? धर्माच्या २००च्या वर्गात २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला, आणि बाकी जगाचे धर्म २९०मध्ये कोंबलेले. हिंदू धर्माला २९४.५! दशांशचिन्हापुढे आकडे वाढवत बसायचं. आपल्या ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण ही वेगळी पद्धत दिली, ती परीक्षेपुरतं शिकलो आणि कामाला लागल्यावर ड्युईच धरला, कारण शेजारच्या ग्रंथालयात तोच. वर्गांकताईंचं म्हणणं मला इथे पटतं. सगळे वापरतात म्हणूनच या नावाला किंमत आहे.

तराजू
शेवट कुणीच सांगितला नाही, म्हणून सांगतो. नोव्हेंबर २००३ मध्येच तडजोड झाली. हॉटेलने नावावरचा ओसीएलसीचा हक्क मान्य केला आणि मुलांच्या वाचनासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी दिली. ओसीएलसीने वापराची परवानगी दिली. यात कुणाचं वाईट झालं?

वर्गांक
देणगीचा मला मनापासून आनंद आहे. पण ती द्यायला आधी कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मला अजूनही खुपतं.

आमच्या वाचनकक्षाच्या भिंतीवर ००० ते ९०० असे दहा वर्ग पेंटरकडून रंगवून घेतलेत. वर 'ड्युई दशांश वर्गीकरण' असं मोठ्या अक्षरांत. तराजू, त्याखाली ओसीएलसीचं नाव लिहायला हवं का?

तराजू
लिहाच असं नाही. तुम्ही भिंतीवरून काही विकत नाही. पण लिहिलंत तर चांगलं.

वर्गांक
मग मेल्विल ड्युई आणि १८७६ एवढंच लिहीन. पेंटर सोमवारी येतोय.