सीजीएचएस (केंद्र सरकारची कर्मचारी-पेन्शनरांसाठीची आरोग्य योजना) असताना आईला एकटीला वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान भारत कार्ड) मिळेल का? मदत हवी आहे

वडील ७८ वर्षांचे, केंद्र सरकारचे पेन्शनर, आई ७३. दोघांचीही नावं सीजीएचएसमध्ये आहेत, खासगी पॉलिसी नाही. आईचं ऑपरेशन करायचंय आणि जवळचं रुग्णालय फक्त आयुष्मानच्या यादीत आहे.

सत्तरीपुढे उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, सीजीएचएसवाल्यांनी दोन्हीपैकी एकच निवडायचं, हे ठाऊक आहे. ॲपवर आईचे ठसे जुळले नाहीत, चेहऱ्यावरून ई-केवायसी झालं. पण योजना निवडायच्या टप्प्यावर मुद्दाम थांबलोय: वडिलांची दरमहाची औषधं सीजीएचएसमधून मिळतात, आयुष्मानमध्ये भरती न होता औषधं मिळत नाहीत. ती सोय जाऊन चालणारच नाही.

तर, आईने एकटीने वय वंदना निवडलं तर वडिलांचं सीजीएचएस तसंच राहतं का? आणि ही निवड नंतर बदलता येते का?