अभिरूप विधानसभेसाठी शाळेच्या सभागृहात बाके कशी मांडावीत?

प्रश्न (कुडाळहून, शिक्षक)
आमच्या शाळेत नववीच्या मुलांची अभिरूप विधानसभा भरवायची आहे. सभागृह लांबट आणि कौलारू असून बाके एकामागे एक लावलेली आहेत. ती समोरासमोर मांडावीत की अर्धवर्तुळात, आणि राजदंड नेमका कोठे ठेवावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (रत्नागिरीहून)
समोरासमोरची मांडणी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सची. ते सभागृह पूर्वी सेंट स्टीफन्स चॅपेलमध्ये भरत असे आणि तेथील गायकवृंदाची बाके समोरासमोर असल्यामुळे तीच रीत पुढे टिकली. आपल्याकडे बाके अध्यक्षांच्या आसनाभोवती घोड्याच्या नालेसारखी वळवतात. त्यांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक. आसन उंचावर हवे, त्याखाली सचिवांचे व प्रतिवेदकांचे (कामकाज टिपून घेणाऱ्यांचे) मेज आणि त्यापुढे ती मोकळी जागा, जिला बातम्यांत ‘वेल’ म्हणतात. एखादे बाक कमी पडले तरी चालेल, पण ही जागा सोडाच. सदस्य जागा सोडून तेथे उतरले की काय होते, हे मुलांना त्याशिवाय कळणार नाही. राजदंड अध्यक्षांसमोर ठेवावा. तो पळवण्याचे प्रकार खऱ्या सभागृहातही झाले आहेत, तेव्हा तुमचा जरा जडच करा.

उत्तर २ (सावंतवाडीहून)
इमारत मुळात विधिमंडळासाठीच बांधलेली असावी लागते, असे नाही. मुंबईचे जुने कौन्सिल हॉल हे खलाशांचे विश्रामगृह होते. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी ते उभारले, 1876 मध्ये ते पूर्ण झाले आणि 1928 मध्ये सरकारने विधिमंडळासाठी विकत घेतले. दर्शनी भागावर समुद्रदेव नेपच्यून कोरलेला आहे. नरिमन पॉइंटचे विधान भवन 1981 चे. गोव्याची विधानसभाही पर्वरीला जाण्यापूर्वी पणजीत, मांडवीकाठच्या आदिलशाही राजवाड्यात भरत असे. माझे मत असे, की मुंबईच्या 288 सदस्यांचा आव आणण्यापेक्षा गोव्याच्या 40 चे माप धरावे; एका वर्गाला ते सहज पेलते.

प्रश्नकर्ते
आभारी आहे. लांबट जागेत नाल कशी बसवावी, एवढीच अडचण उरते.

उत्तर १
अध्यक्षांचे आसन आखूड भिंतीशी न ठेवता लांब भिंतीच्या मध्यावर ठेवा, म्हणजे बाके दोन्ही अंगांना वळवता येतील. फक्त त्यांच्या पाठीशी उघडी खिडकी नको; उजेडामुळे चेहरा दिसत नाही. समोरच्या बाजूस पडवी असेल, तर तीच प्रेक्षक गॅलरी करा.