मदत हवी आहे: परफॉर्मन्स गॅरेज टाकायचे आहे, आयटीआय करू, नोकरी करू की थेट दुकान उघडू?

वेगवेडा_दारव्हा
नमस्कार मंडळी. रिमॅप (इंजिनाच्या संगणकातील फाइल बदलणे), टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबणारा पंखा), सस्पेन्शन आणि ब्रेक यांची कामे करणारे, म्हणजे गाडीची ताकद वाढवून देणारे स्वतःचे गॅरेज मला टाकायचे आहे. रस्त्याला लागून जागा आहे आणि थोडे पैसेही उभे राहतील. घरचे म्हणतात की आधी आयटीआय कर, मित्र म्हणतो की नागपूरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लाग, आणि मला वाटते की यात वर्षे घालवण्यापेक्षा सरळ शटर उघडावे. प्रवेशफेरीची मुदत संपत आली आहे, म्हणून कृपया लवकर आणि नेमके सांगावे.

हिंगणा_वर्कशॉप
भाऊ, नेमके उत्तर हवे असेल तर माहितीही नेमकी द्यावी लागेल. वय आणि शिक्षण किती? इंजिन स्वतः खोलून पुन्हा बांधले आहे का? "थोडे पैसे" म्हणजे किती, आणि जागा शेतीची आहे की गावठाणातली? शिवाय गाडीची ताकद वाढवण्यासाठी पैसे मोजणारे गिऱ्हाईक दारव्ह्यात कोण, हे आपण लिहिलेलेच नाही.

पाटीवाले_काका
दुकानाच्या पाटीविषयी सांगतो. २०२२ च्या सुधारणेनंतर राज्यातील लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे आणि तिची अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. तरुण मंडळी गॅरेजला इंग्रजी नाव देऊन मोकळी होतात आणि नंतर पाटी पुन्हा रंगवत बसतात.

वेगवेडा_दारव्हा
काका, पाटी नंतर. माझे वय १९ असून बारावी विज्ञान शाखेतून झाली आहे. मामांच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये सुट्ट्यांत हेल्परचे काम करतो. क्लच प्लेट बदलता येते. इंजिनाचे हेड उतरवताना पाहिले आहे, पण स्वतः उतरवलेले नाही. जागा बाबांच्या सातबाऱ्यावरची आहे आणि कापूस विकल्यावर दोन-अडीच लाख हाती येतील. गिऱ्हाईक म्हणजे जुन्या डिझेल स्विफ्टवाले. सगळ्यांची एकच तक्रार असते की गाडीला पिकअप नाही. लॅपटॉप आणि केबल घेतली की रिमॅप करता येतो ना?

बूस्ट_बहाद्दर
शंभर टक्के येतो. तेच १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती देत होते आणि सियाझमध्ये ९०. म्हणजे ताकद इंजिनात आहेच, कंपनीने फक्त दाबून ठेवली आहे. दुकानाच्या भाड्यात पैसे घालू नका. लॅपटॉप पाठीवर टाका आणि गावोगावी जाऊन फाइल मारा.

हिंगणा_वर्कशॉप
बहाद्दर, अर्धी गोष्ट सांगून पोराला भरीस घालू नका. ९० अश्वशक्तीच्या इंजिनाला टर्बोच वेगळा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा (गरजेप्रमाणे पात्यांचा कोन बदलणारा) होता. फरक केवळ फाइलचा नव्हता. लहान टर्बोकडून जास्त हवा मागितली की तो अधिक वेगाने फिरतो, बाहेर पडणारा वायू अधिक तापतो, आणि वाढलेला टॉर्क आधीच झिजलेल्या क्लच प्लेटवर येतो. मग घाटात इंजिन ओरडते आणि गाडी मात्र जागची हलत नाही.

आता पिकअपची तक्रार. अशी गाडी आली की मी लॅपटॉप उघडण्याआधी बॉनेट उघडतो. टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा रबरी होज वरून धडधाकट दिसतो, पण खालच्या अंगाला क्लिपजवळ चिरलेला असतो. तेथून हवेबरोबर तेलाची बारीक वाफ निसटते आणि तिच्यावर धूळ बसून काळा, चिकट डाग तयार होतो, जो हात घालून बोटाने चाचपल्याशिवाय सापडत नाही. होज बरा असेल तर एअर फिल्टर पाहतो, कारण आपल्याकडे उन्हाळाभर धूळ आणि कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावरची रुई त्यात भरते. मग ईजीआर व्हॉल्व्हची, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेची काजळी. एवढे सरळ केले की पुष्कळ गिऱ्हाइके रिमॅपचे नाव काढत नाहीत. चिरलेला होज तसाच ठेवून फाइल मारली, तर गाडी फक्त जास्त धूर ओकेल.

निवृत्त_फोरमन
वय कळले, तेव्हा आता "तू" म्हणतो. बाळा, आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा आहे आणि दहावीवर मिळतो. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी कर. फायलिंगपासून हात तयार होतो, मायक्रोमीटर धरायला शिकवतात, आणि प्रमाणपत्र देशभर चालते. आमच्या वेळी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजल्याशिवाय कोणी पिस्टनला हात लावू देत नसे.

हिंगणा_वर्कशॉप
फोरमनसाहेब, तुमच्याविषयी आदर ठेवून असहमत आहे. मुलाची बारावी विज्ञान आहे, म्हणून त्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि तेवढ्याच दोन वर्षांत हाती पदविका येते. शिवाय कॉलेजचा चमू बाहा एसएईसारख्या (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधायच्या) स्पर्धेसाठी गाडी बांधत असेल, तर चॅसिसपासून सस्पेन्शनपर्यंत सगळे स्वतः करायला मिळते.

निवृत्त_फोरमन
पदविकावाले पोर वर्कशॉपमध्ये येते आणि पाना कोणत्या बाजूने फिरवायचा ते विचारते. ज्याला स्वतःच्या हाताने काम करायचे आहे त्याने आयटीआयच करावे, हे माझे मत कायम आहे.

कायदा_आधी
गिऱ्हाइकाचा विचार झाला, आता आरटीओचा करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी आरसीवरील नोंदी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच ठासून सांगितले. कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी पकडली गेली की तो मालक पहिल्यांदा तुमच्याच दुकानावर येईल.

बूस्ट_बहाद्दर
फाइल बदलल्याचे रस्त्यावर कोणाला दिसते?

कायदा_आधी
अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक पाहतो, तेव्हा दिसते. आणि उघडपणे ताकदीचेच काम करायचे असेल तर ते शर्यतीच्या गाड्यांवर करा. त्यांच्या स्पर्धा एफएमएससीआय या देशातील मोटार शर्यतींच्या महासंघाच्या नियमांनी होतात, आणि ट्रॅक चेन्नईजवळ व कोईम्बतूरला आहेत. तेथील एखाद्या रेसिंग टीमकडे पडेल ते काम करत एक हंगाम काढला, तर जे शिकायला मिळेल ते आपल्या जिल्ह्यात कोणी शिकवणार नाही.

कर्ज_खिडकी
पैशाचे कोणीच बोलले नाही. पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, सेवा व्यवसायाला वीस लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान व १० टक्के स्वतःचा हिस्सा, आणि विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) ३५ टक्के अनुदान व ५ टक्के हिस्सा असे प्रमाण आहे. मेख अशी की हे कर्ज नव्या उद्योगालाच मिळते. आज घाईने शटर उघडून बसलात, तर उद्या तुम्ही "नवे" राहत नाही. दुसरे म्हणजे सातबाऱ्यावरच्या जागेचा अकृषिक वापर आणि रस्त्यावरून आत येण्याची परवानगी या दोन्ही गोष्टींची चौकशी आधी करा. शेतीपंपाच्या वीजजोडणीवर कॉम्प्रेसर चालवू नका. तो अनधिकृत वापर ठरतो.

संत्रे_आणि_स्विफ्ट
माझी डिझेल स्विफ्ट २०१४ ची आहे. हे इंजिन २०२० मध्ये बीएस६ हे प्रदूषणाचे कडक निकष आल्यावर मारुतीने बंद केले आणि खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणाला येते. ज्या गाड्यांच्या भरवशावर हा मुलगा दुकान टाकणार, त्या गाड्या त्याचे शिक्षण होईपर्यंत म्हाताऱ्या होतील, हे कोणी लक्षात घेतले का?

हिंगणा_वर्कशॉप
मुद्दा योग्य आहे. म्हणून मी त्याला टायर, ब्रेक आणि अलाइनमेंट यांवर उभे राहायला सांगेन. कारंज्याहून समृद्धी महामार्ग जातो, तेथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि उन्हाळ्यात काँक्रीट तापलेले असते. जुना, कडक झालेला टायर घेऊन त्या रस्त्यावर चढणारे लोक रोज दिसतात. चांगले ब्रेक पॅड, योग्य टायर आणि ताजे शॉक अब्सॉर्बर बसवणे हेही परफॉर्मन्सचेच काम आहे, ते कायद्यात बसते आणि त्याला बारमाही गिऱ्हाईक आहे. कॉलेज झाल्यावर वर्षभर अशाच एखाद्या दुकानात नोकरी करावी, मग कोईम्बतूरचे पाहावे, आणि कर्जाचा अर्ज त्यानंतर.

वेगवेडा_दारव्हा
सर्वांचे आभार. एवढी वर्षे लागतील असे वाटले नव्हते आणि खरे सांगायचे तर मनाला पटायला जड जात आहे. तूर्त आयटीआय आणि पॉलिटेक्निक दोन्हींचे अर्ज भरतो. जिथे आधी नंबर लागेल तिथे जाईन. रविवारी मामांकडचे काम चालू ठेवीन. मात्र कापसाच्या पैशातून आत्ता निदान रिमॅपची केबल घेऊन ठेवू का?

हिंगणा_वर्कशॉप
केबल नको. आधी साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे यंत्र) घे आणि मामांकडे येणारी प्रत्येक कार त्याला जोड. रेल प्रेशर (डिझेलचा दाब), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि एअर फ्लोचे (आत जाणाऱ्या हवेचे) आकडे इंजिन थंड असताना, गरम झाल्यावर आणि चढावर कसे बदलतात ते वहीत उतरवून ठेव. निरोगी गाडीचे आकडे माहीत नसतील, तर आजारी गाडीचे पाहून काही कळत नाही. ट्रायल घेताना मात्र स्कॅनर दुसऱ्याच्या हातात दे.