इन्कोनेल ६२५ या निकेल मिश्रधातूचं एचिंग (रसायनानं कोरणं) फार हळू होतंय, ॲसिड वाढवू का?

वेर्णा_जाळीवाला: आमचं गोव्यात वेर्ण्याला छोटं युनिट आहे. स्टेनलेस ३०४ च्या ०.१५ मिमी पत्र्यातल्या जाळ्या फेरिक क्लोराईडमध्ये छान निघतात. आता समुद्राच्या पाण्याच्या पंपासाठी तशाच जाळ्या इन्कोनेल ६२५ मध्ये हव्यात. पण भोकं आरपार होईपर्यंत रेझिस्ट (न कोरायचा भाग झाकणारा थर) कडेनं सुटतो. ॲसिड वाढवू का?

निकेल_फोंडा: बाब, नुसतं ॲसिड वाढवू नका, रेझिस्ट आणखी लवकर सुटेल. ६२५ मध्ये किमान ५८ टक्के निकेल, २० ते २३ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के मॉलिब्डेनम असतं. क्लोराईडनं खड्डे पडू नयेत म्हणूनच तर हा मिश्रधातू बनवलाय. खड्ड्यांची जी एएसटीएम जी ४८ चाचणी आहे, ती सुद्धा फेरिक क्लोराईडमध्येच करतात! तरी काम होतं. द्राव घट्ट ठेवा, ५० अंशांच्या आसपास गरम करा, थोडं हायड्रोक्लोरिक घाला, फवारा दोन्ही बाजूंनी मारा. आणि ३०४ चा वापरलेला बाथ यासाठी नको, ताजा भरा.

खरं सांगायचं तर आधी गिऱ्हाइकाशी बोला. वाहत्या समुद्रपाण्यात मोनेल ४०० चांगलं टिकतं. ते मुख्यतः निकेल आणि तांबं, त्यामुळे याच द्रावात भराभर कोरलं जातं. मात्र पाणी साचून राहत असेल तर मोनेलला खड्डे पडतात.

कुंडई_लॅब: रेझिस्ट चढवण्याआधी पत्रा नीट घासून, धुऊन, ओव्हनमध्ये सुकवता ना? आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात एवढ्यानंही पकड सुटते.

वेर्णा_जाळीवाला: घासतो, पण सुकवतो उघड्यावरच. आजपासून ओव्हन. गिऱ्हाइकाला विचारलं, पंप ट्रॉलरवरचे आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा पाणी आतच राहतं म्हणाला.

निकेल_फोंडा: मग मोनेल विसरा, ६२५ च करा, वेळ जास्त लागणार हे दरात धरा. आणि कळकळीनं सांगतो, धुण्याचं पाणी गटारात सोडू नका. निकेलची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. चुन्यानं सामू १० च्या आसपास नेलात की निकेल गाळ होऊन खाली बसतं. तो गाळ घातक कचऱ्यात जातो, साध्या कचऱ्यात नाही. क्रोमियमची तपासणी मात्र वेगळी करून घ्या.