चादरीच्या नक्ष्यावरून बाळाचा स्वेटर: स्वतःचा नमुना लिहून प्रसिद्ध कसा करावा?

ताणाबाणा (सोलापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे सासरे येथील एका चादरीच्या कारखान्यात नक्षे काढण्याचे काम करीत असत. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून ते फुले, मोर आणि काठ तयार करीत, आणि मग त्या कागदाबरहुकूम जॅकार्ड मागाच्या कार्डांना भोके पाडली जात. त्यांच्या ट्रंकेत राहिलेल्या कागदांपैकी आठ पाकळ्यांचे एक फूल, १६ चौकोन रुंद आणि १६ चौकोन उंच, मी धाकट्या जावेच्या वर्षाच्या बाळासाठी दोन रंगांत गोल विणलेल्या स्वेटरवर उतरवले. ९ नंबरच्या सुयांवर माझे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके आणि २८ ओळी येतात.

स्वेटर सर्वांना आवडला, तरी फूल कागदावर दिसते तसे गोल न येता वरून दाबल्यासारखे बसके आले आहे. शिवाय इतर वयांच्या बाळांसाठी टाके मोजायला बसले, तर फुले पूर्ण बसत नाहीत. कुठे अर्धे फूल कापले जाते, नाही तर स्वेटर फारच ढगळ होतो.

दुसरी अडचण वेगळी आहे. मागच्या वर्षी कुंचीचा असाच एक नमुना मी वहीत लिहून, त्याचा फोटो विणकामाच्या एका व्हॉट्सॲप गटावर टाकला होता. दोन महिन्यांनी तोच फोटो, माझ्या अक्षरासह आणि कोपऱ्यातल्या चहाच्या डागासह, एका अनोळखी पानावर पैसे घेऊन विकला जात असलेला दिसला. म्हणून या वेळी नमुना रीतसर माझ्या नावाने प्रसिद्ध करावा, असे मनात आहे. तो कसा लिहावा, सासऱ्यांच्या नक्ष्यावरून काढलेले फूल माझे म्हणता येईल का, आणि तो कुठे विकता येईल, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

सुलटउलट (पुणे) यांचे उत्तर

ताई, तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. चौकटीच्या कागदावरचा चौकोन जितका रुंद तितकाच उंच असतो. विणलेला टाका मात्र उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो. तुमच्याच आकड्यांनी मोजले, तर १६ टाक्यांची रुंदी ६.७ सेंटिमीटर भरते आणि १६ ओळींची उंची ५.७. एवढा एक सेंटिमीटरचा फरक फूल बसके करायला पुरेसा आहे. सासऱ्यांचा कागद मागाच्या हिशेबाने अचूकच असणार, कारण तिथे उभ्या-आडव्या धाग्यांची दाटी हीच चौकोनाचा आकार ठरवते; सुयांचा हिशेब निराळा. तेव्हा नक्षा उतरवून न घेता, तुमच्या गेजप्रमाणे (म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये जितके टाके आणि ओळी येतात त्या मापाने) १२ टाके आणि १४ ओळी यांचा चौकोन मिळून नेमका ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटर येईल असा कागद आखून घ्या आणि त्यावर ते फूल नव्याने काढा.

१२ हा आकडा मी सहज निवडलेला नाही. बाळांच्या छातीची सर्वसाधारण मापे ३ महिन्यांना सुमारे ४०.५, वर्षाला ४५.५ आणि २ वर्षांना ५०.५ सेंटिमीटर धरली जातात; म्हणजे या तीन मापांत प्रत्येक वेळी ५ सेंटिमीटरचे अंतर आहे. त्यांत ५ सेंटिमीटर सैलपणा मिळवला, तर तुमच्या गेजने वर्षाच्या बाळाला १२१ टाके लागतात. १६ च्या पटीत जवळचे आकडे ११२ किंवा १२८, म्हणजे एक तर घट्ट, नाही तर ढगळ. हीच तुमची दुसरी अडचण. १२ च्या पटीत मात्र १०८, १२० आणि १३२ टाके येतात, त्यांचे घेर ४५, ५० आणि ५५ सेंटिमीटर भरतात, आणि प्रत्येक मापाला नेमके एक फूल वाढते. ६ महिने आणि दीड वर्ष ही मधली मापे हवी असतील, तर फुलांना हात न लावता दोन्ही बगलांखाली तीन-तीन टाक्यांची साधी पट्टी वाढवावी. ११४ आणि १२६ टाक्यांवर काम भागते.

फूल स्वतः ११ टाके आणि १३ ओळींचे ठेवा, म्हणजे विषम आकड्यामुळे त्याला मध्य मिळेल. उरलेला एक टाका आणि एक ओळ दोन फुलांमधली मोकळी जागा होईल. एका रंगाचे पाचापेक्षा जास्त टाके सलग येत असतील, तर मागून जाणारा दुसरा धागा मधेच अडकवून घ्यायची सूचना लिहायला विसरू नका. बाळाची बोटे त्या सैल धाग्यांत हमखास अडकतात. माझ्या भाच्याने एका सकाळी अख्खी बाही आतून ओढून काढली होती.

लेखनाविषयी थोडक्यात सांगायचे, तर विणणाऱ्या व्यक्तीला तुमच्याकडे फोन करून विचारावे लागणार नाही इतके लिहावे. गेज धुऊन वाळवलेल्या तुकड्यावर मोजून लिहा, लोकर किती ग्रॅम आणि शक्य असल्यास किती मीटर लागते ते लिहा, तयार कपड्याची मापे छोट्या आकृतीत दाखवा, आणि प्रत्येक वेळी टाके वाढवले किंवा कमी केले की शेवटी सुईवर किती टाके उरले पाहिजेत तो आकडा द्या. नव्या लेखिका नेमका हाच आकडा गाळतात, आणि चूक कुठे झाली हे मग मुंढ्याशी पोचल्यावर कळते.

काठपदर (सोलापूर) यांचे उत्तर

मी चाळीस वर्षे विणते आहे. वरचा हिशेब मला फार पटला, फक्त दोन गोष्टी घालाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट सुयांची. ताई, ‘९ नंबर’ एवढेच लिहू नका. आपल्याकडे चालतो तो जुना इंग्लंडचा क्रम, ज्यात आकडा वाढला की सुई बारीक होते आणि ९ नंबर म्हणजे ३.७५ मिलिमीटर. अमेरिकेत क्रम उलटा आहे, आणि तिथली ९ नंबरची सुई ५.५ मिलिमीटर जाडीची असते. तिकडच्या एखाद्या आजीने तुमचा नमुना त्या सुईवर विणला, तर बाळाला तो स्वेटर चढवायला बरीच वर्षे थांबावे लागेल. मिलिमीटर आधी लिहा, नंबर नंतर.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, इथे पहाटे गारवा असतो. एकदा तो सरला की लोकरीचा कपडा बाळाला टोचतो आणि घामोळे उठते. या सुताच्या गावात आपण लुधियानाची लोकर आणून विणतो, याचे मला नेहमी हसू येते. हाच नमुना सुती धाग्यावरही विणून पाहा आणि त्याचे गेज वेगळे लिहा, कारण सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते, ते वजनाने खाली ओढले जाते, आणि एक सुलट एक उलट अशी काठाची पट्टी लोकरीइतकी आवळून बसत नाही. सुतासाठी काठाला सुई एक नंबर बारीक घ्यावी.

चौकटराजा (मुंबई) यांचे उत्तर

मी कॉपीराइटसंबंधी काम करतो. विणकाम मात्र घरात आईचे आहे. खालील माहिती सर्वसाधारण समजावी.

भारतात प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार तुम्ही लिहिलेल्या सूचना, काढलेला आलेख आणि घेतलेले छायाचित्र यांवर ते तयार होताच तुमचा अधिकार निर्माण होतो आणि तो तुमच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. नोंदणी बंधनकारक नाही. पण केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. मात्र सुलट-उलट टाके, वेणी, जाळी, गोल विणण्याची पद्धत यांवर कोणाचाही मालकी हक्क नसतो. तुमच्या वहीच्या पानाचा फोटो विकणाऱ्याने अधिकाराचा भंग केला होता. तोच नमुना पाहून कोणी स्वतःच्या शब्दांत वेगळी कुंची लिहिली असती, तर तक्रारीला फारसा आधार राहिला नसता.

सासऱ्यांच्या नक्ष्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे कागद तुमच्या ट्रंकेत असला, तरी त्यावरचा हक्क कारखान्याचा असू शकतो. परंतु ज्या नक्ष्याची ‘डिझाइन’ म्हणून नोंदणी होऊ शकत होती आणि ती केली गेली नाही, त्याच्यावरून यंत्राने पन्नासपेक्षा जास्त वस्तू निघाल्या, की त्या नक्ष्यावरचा प्रताधिकार संपतो, असे कलम १५ सांगते. आणि चादरीचा नक्षा पन्नासांवर थांबला असेल, असे वाटत नाही. नोंदणी झाली असली, तरी तिची मुदत १५ वर्षांपलीकडे जात नाही. तुम्ही आता १२ टाक्यांचे फूल नव्याने काढणारच आहात, त्यामुळे धोका फारच कमी उरतो. तरीही कारखाना चालू असेल, तर एक पत्र टाकून संमती घ्यावी, आणि प्रस्तावनेत सासऱ्यांचा उल्लेख जरूर करावा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘सोलापुरी चादर’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून नमुन्याच्या नावात ते शब्द न वापरता दुसरे काही तरी ठेवा.

सुलटउलट (पुणे)

विक्रीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा येते. हातविणकामाचे नमुने विकण्यासाठी २००७ मध्ये सुरू झालेले रॅव्हलरी हे संकेतस्थळ सर्वांत रुळलेले आहे. तिथे पीडीएफ ठेवता येते, आणि विनामूल्य नमुनेही चालतात. परदेशातून पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेमार्फत येतात. पण पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले आहेत, त्यामुळे इथल्या मैत्रिणींसाठी यूपीआयची वेगळी सोय करावी लागेल. नमुना इंग्रजीत असावाच, पण मराठी प्रतही ठेवा. ‘मुंढा’ आणि ‘काठ’ वाचून विणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही.

प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान तिघींकडून, प्रत्येकीला वेगळे माप देऊन, तो विणवून घ्या. जवळच्या मैत्रिणी नकोत. त्या चूक आपली समजून गुपचूप दुरुस्त करतात आणि तुम्हाला सांगतही नाहीत.

ताणाबाणा (सोलापूर)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काठपदर काकू, तुमच्या सांगण्यावरून सुती धाग्यावर वेगळा तुकडा विणला, आणि त्याचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आले. तेव्हा सुती नमुन्याचा हिशेब आता स्वतंत्र करावा लागणार आहे.

फूल ११ टाके आणि १३ ओळींत बसवताना दोन पाकळ्या बारीक कराव्या लागल्या. सासऱ्यांची जुनी लाकडी पट्टी लावून पाहिली, तर रुंदी आणि उंची दोन्हीकडे साडेचारच्या किंचित पुढे आली. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली आहेत, तिथले एक जुने मुनीम भेटले, ते म्हणाले, “नक्षा त्यांचाच होता, खुशाल वापरा.” चौकटराजा, हे लेखी नाही, याची कल्पना आहे.

तिघींपैकी दोघींचे स्वेटर नीट झाले. तिसरीने नाशिकहून कळवले, की वर्षाच्या बाळाचा गळा डोक्यातून जात नाही. मोजून पाहिले तेव्हा लक्षात आले, की वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर ४५-४६ सेंटिमीटर असतो, आणि माझा बंद केलेला काठ ताणूनही ४० च्या पुढे जात नव्हता. माझ्या स्वतःच्या विणीत मी तो काठ सवयीने सैल बंद करते, पण तसे लिहिलेच नव्हते. आता डाव्या खांद्यावर दोन बटणांची फट ठेवली आहे आणि गळ्याची सूचना पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतली आहे.