मदत हवी आहे: टॅली, एक्सेल आणि मुलाच्या बीसीएसाठी 55 हजारांपर्यंत कोणता लॅपटॉप घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा आणि दिग्रसच्या मधल्या एका गावात राहते. आमच्या भागातल्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब आणि सभासदांच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे असतं. कंपनीच्या ऑफिसात डेस्कटॉप आहे, पण सोयाबीन-तुरीची खरेदी सुरू झाली की अर्धं काम गोदामात आणि उरलेलं रात्री घरी होतं. आजवर माझ्या जुन्या लॅपटॉपवर भागलं. त्यात 4 जीबी रॅम आहे, प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, म्हणजे विंडोज 11 त्यावर अधिकृतपणे चढत नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या मशीनवरून जीएसटीचं विवरणपत्र जातं आणि सभासदांचे पैसे बँकेतून वळते होतात, ती अशीच वापरत राहणं मला पटत नाही. शेतकऱ्यांचा पैसा आहे तो.

बजेट 55 हजार. पैसे घरचे आहेत, तूर निघाली की हातात येतील. फारच फरक पडत असेल तर दोन-चार हजार वर जाईन, त्यापुढे नाही.

माझं काम असं: टॅली प्राइम दिवसभर उघडं. सोबत एक्सेलमध्ये सभासदांची यादी, भागभांडवल, गट नंबर, फार्मर आयडी, कोणाचा किती माल आला, किती पैसे द्यायचे राहिले. ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, बँक आणि प्रकल्पाचं पोर्टल एकाच वेळी. डिजिटल सहीचं टोकन आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र, दोन्ही जुन्या चौकोनी यूएसबीवर चालतात, आणि प्रिंटरही तसाच. मधूनमधून गूगल मीटवर बैठक असते, तेव्हा गोदामाच्या गोंगाटात माझा आवाज पलीकडे नीट जावा एवढीच अपेक्षा.

मुलगा बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. सी झालं, आता जावा आणि मायएसक्यूएल आहे, आणि पुढे अँड्रॉइड स्टुडिओ लागेल असं तो म्हणतो. धाकटी दहावीत आहे, तिला व्हिडिओ पाहायचे असतात. गेम कोणीच खेळत नाही. मॅक कृपया सुचवू नका, टॅली त्यावर सरळ चालत नाही.

आता खरी अडचण. यूट्यूबवर जेवढे लॅपटॉपचे व्हिडिओ पाहिले, ते सगळे एसीच्या खोलीत बसून केलेले. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. घराच्या मागच्या खोलीवर टिनं आहेत, दुपारी तिथे हात टेकवत नाही. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत वापराचं तापमान दिलेलं असतं, बहुतेक कंपन्या ते 35 अंशांपर्यंतच सांगतात. म्हणजे आमचा निम्मा उन्हाळा त्या हद्दीबाहेर. त्यात गोदामात सोयाबीनचं कुटार (भुसा) उडतं आणि ते पंख्याच्या जाळीत जाऊन बसतं.

विजेचंही तसंच. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, ट्यूबलाइट नुसती फडफडते. मृगाच्या तोंडावर विजा कडाडल्या की लाईन जाते आणि येते ती झटका देऊन येते. इन्व्हर्टर आहे, पण जुना, चौकोनी लहरींचा. म्हणून बॅटरी मला शोभेसाठी नको, ती खरोखर पाच-सहा तास चालली पाहिजे.

आणि दुरुस्ती. आधीच्या लॅपटॉपचा बिजागर तुटला तेव्हा सेवा केंद्राने तो बाहेर पाठवला आणि ऐन खरेदीच्या हंगामात मी कितीतरी दिवस हातानं नोंदी केल्या. कंपनीचं नाव घेत नाही. आमच्यापासून यवतमाळ तासाभराच्या वर, नागपूर गाठायचं तर अख्खा दिवस जातो. म्हणून "घरी येऊन दुरुस्ती" ही ओळ वाचते तेव्हा ती आमच्या पिनकोडला लागू आहे का, हाच प्रश्न आधी मनात येतो.

पाहून पाहून तीन गोष्टींवर येऊन थांबले आहे. एक, इंटेल आय5-13420एच असलेला, 16 जीबी रॅमचा. दुसरा, रायझन 5 7530यू, तोही 16 जीबी. तिसरा, ऑफिसांमधून निघालेले जुने थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड, अर्ध्या किमतीत मिळतात म्हणतात. दुकानदार पहिल्याचाच आग्रह धरून राहिला आहे, नवा आहे आणि वेगवान आहे म्हणून. पण एवढ्या उष्णतेत तो टिकेल का, हे तो सांगत नाही. रॅमचे भाव 2025 च्या शेवटापासून चढत चाललेत, तेव्हा थांबावं की लगेच घ्यावं, हेही कळत नाही.

ज्यांनी आपल्या भागात, अशाच घरात लॅपटॉप वापरला आहे त्यांचं मत मला सगळ्यात मोलाचं वाटेल.

प्रतिसाद (अकोला)

ताई, माझं दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून टेबलावर जे येतं त्यावरून सांगतो. तुमच्या कामाला तुमचा दुसरा पर्याय, म्हणजे 7530यू, बरोबर आहे.

नावाच्या शेवटचं अक्षर पाहा. एच म्हणजे मुळात 45 वॅटचा प्रोसेसर, यू म्हणजे 15 वॅटचा. एच वेगवान आहे यात शंका नाही, पण तो वेग व्हिडिओ एडिटिंगला लागतो. टॅलीच्या व्हाउचरला आणि बीसीएच्या जावाला 7530यू पुरून उरतो. उलट खोलीच 40 अंशांवर असेल तर एचचा पंखा दिवसभर ओरडत राहील, आणि गरम झाला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. मग जास्तीचे पैसे दिले कशासाठी?

एका गोष्टीत मात्र सावध राहा. 7530यू आणि 7520यू ही नावं सारखी दिसतात, पण तिसरा आकडा वाचा. तो प्रोसेसरच्या रचनेची पिढी सांगतो. 3 म्हणजे झेन 3, सहा कोअर. 2 म्हणजे जुना झेन 2, चारच कोअर, आणि त्याची रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. दुकानात दोन्हींना "रायझन 5, सात हजार सिरीज" म्हणूनच विकतात. इंटेलच हवा असेल तर आय5-1334यू पाहा, तोही 15 वॅटचा.

रॅम दोन स्लॉटची आहे की एक चिकटवलेली आणि एक स्लॉट, हे बिल करण्याआधी विचारा. 16 जीबी एकाच पट्टीत असेल तरी तुमचं काम अडणार नाही. 8 जीबीचा घेऊन नंतर वाढवू असा विचार सध्याच्या भावात करू नका. अँड्रॉइड स्टुडिओला 8 ही किमान पायरी आहे, 16 शिवाय मुलगा चिडेल.

बॅटरीबद्दल: बॅटरीला सर्वात जास्त उष्णता मारते, आणि त्याहून वाईट म्हणजे उष्णतेत 100 टक्के भरून ठेवणं. लेनोवो आणि असूसच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. डेल, एचपीमध्येही या ना त्या नावाने असते, काहींमध्ये बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये. मार्च ते जून ती लावून ठेवा. लाईन जाणार असं वाटलं त्या दिवशी पूर्ण भरा. आणि घेताना "दहा तास चालते" हे वाक्य वाचू नका, वॅट-अवर वाचा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा. 41-42 वॅट-अवर असेल तर पाच-सहा तास निघणं अवघड. 50 च्या वरची बघा.

व्होल्टेज पडण्याची काळजी करू नका. अडॅप्टरवर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, 160 वरही तो चालतो. काळजी लाईन परत येतानाच्या झटक्याची. स्पाइक गार्ड लावा, पण आधी घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, अर्थिंग नसेल तर त्याचा निम्मा उपयोग जातो. विजा कडाडत असतील तेव्हा प्लग काढून ठेवण्याला पर्याय नाही. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, ती हवा ओली असते. खोली कूलरने थंड करा, लॅपटॉप बाजूला. आणि हंगाम संपला की जाळी उघडून कुटार साफ करून घ्या, हे वर्षातून एकदा तरी.

प्रतिसाद (पुणे, मूळचा वणीचा)

वरच्या दादांशी सहमत. तिसऱ्या पर्यायाबद्दल मी लिहितो, कारण माझ्या वडिलांसाठी गावी तोच घेऊन दिला आहे.

जुने ऑफिसचे लॅपटॉप बांध्याने दणकट असतात, बिजागर धातूचे, कीबोर्ड चांगला, उघडून दुरुस्त करणं सोपं. पण आठव्या पिढीच्या खालचा इंटेल घेऊ नका, नाहीतर विंडोज 11 चा आज आहे तोच प्रश्न पुन्हा उभा राहील. बॅटरी जवळजवळ नेहमीच थकलेली असते, नवी टाकण्याचा खर्च धरूनच हिशेब करा. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची. एक व्यक्ती आणि घरगुती वापर असता तर मी हाच सुचवला असता. तुमच्यावर कंपनीचे हिशेब अवलंबून आहेत, म्हणून नवाच घ्या.

आजकाल पन्नास-साठ हजारांच्या घरात स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप दिसतात. बॅटरी फार छान चालते, विक्रेते तेच सांगतील. तुम्ही घेऊ नका. तो एआरएम, म्हणजे इंटेल-रायझनपेक्षा वेगळ्या जातीचा प्रोसेसर आहे, साधे प्रोग्राम त्यावर चालून जातात, पण डिजिटल सहीचं टोकन, ठशांचं यंत्र, जुना प्रिंटर यांचे ड्रायव्हर त्यासाठी वेगळे बनवलेले लागतात. ते नसतील तर यंत्र ओळखलंच जात नाही.

पिनकोडचं असं आहे की मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सेवा केंद्र शोधायची सोय असते, आणि ग्राहक सेवेला फोन करून "या पिनकोडला माणूस घरी येतो का" हे विचारता येतं. उत्तर ईमेलवर मागा. घरी येऊन दुरुस्ती आणि अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळे पैसे भरून वाढवता येतं. मी तुमच्या जागी असतो तर प्रोसेसरवरचे तीन हजार वाचवून तिकडे टाकले असते.

प्रतिसाद (अमरावती)

ताई, हिशेबाचं काम करते म्हणून एक सुचवते. कामाचा लॅपटॉप स्वतःच्या पैशाने कशाला? संचालक मंडळाला विचारून पाहा. कंपनीच्या नावे, जीएसटी क्रमांक घालून बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं, म्हणजे तेवढा कर कंपनीच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. करमुक्त मालाच्या विक्रीचा हिस्सा असेल तर तेवढं क्रेडिट कमी होतं, ते सीएकडून काढून घ्या. मात्र तो मग कंपनीचा लॅपटॉप, मुलाला रोज देता येणार नाही. हे तुम्हालाच तोलायचं आहे.

आणि सोबत जे ऑफिस "आयुष्यभर मोफत" म्हणून येतं, ते बहुतेक वेळा घरगुती वापराच्या परवान्याचं असतं. कंपनीच्या कामाला वेगळा परवाना लागतो. लिब्रेऑफिसमध्ये तुमच्या याद्या उघडून बघा, साध्या बेरजा-वजाबाक्या आणि फिल्टर असतील तर भागतं.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तिसऱ्या आकड्याची गोष्ट कोणीच सांगितली नव्हती. आज दुकानदाराला फोन करून पूर्ण नाव विचारलं, तर त्याच्याकडचा स्वस्तातला रायझन 7520यूच निघाला.

कंपनीच्या नावाचं मी घरी बोलले. लॅपटॉप माझ्या नावेच घेणार, कारण मुलाच्या शिक्षणाला तो तेवढाच हवा आहे, आणि कंपनी अजून उभी राहतेय, तिच्यावर हा खर्च टाकावासा वाटत नाही. पण टॅलीचा डेटा आणि मुलाचं काम वेगळ्या यूजरमध्ये ठेवीन, टॅलीच्या डेटाचा रोजचा बॅकअप पेन ड्राइव्हवर. एक्सेलचा परवाना मात्र मंडळापुढे मांडणार आहे, तो कंपनीनेच घ्यायला हवा.

तर ठरलं ते असं: 7530यू किंवा 1334यू, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, 50 वॅट-अवरच्या वरची बॅटरी, किमान दोन चौकोनी यूएसबी, आणि पिनकोडचं उत्तर आधी लेखी. संक्रांतीनंतर नागपूरला सीताबर्डीत जाऊन हातात घेऊन बघीन.

दोन शंका उरल्या आहेत. पडदा 250 निट्सचा आणि 300 निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) असे दोन प्रकार दिसतात, तीन-साडेतीन हजारांच्या फरकाने. मी दिवसा छपरीत, उजेडात बसून काम करते. हा फरक डोळ्यांना खरंच जाणवतो का? आणि ज्यांचा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो त्यांनी 65 वॅटची पॉवर बँक वापरून पाहिली आहे का? 20,000 एमएएचची म्हणजे 74 वॅट-अवर होतात, वाया जाणारं धरलं तरी एकदा पूर्ण चार्जिंग निघायला हवं. गोदामात लाईन नसते त्या दिवसांसाठी विचारतेय.